आबांनी गाळलेले शब्द

आमच्या घरात इंग्रजी येणारं माणूस एकच होतं, आणि नेमकं त्याच माणसाशी मी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नाही. ते माझे सासरे होते, एवढंच कारण.

प्रकाशा गावाच्या आसपासच्या आमच्यासारख्या शेतकरी घरांत सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, अशी रीत. हल्लीच्या मुली पाळत नाहीत. सासऱ्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून त्या शहाद्याच्या बाजाराला जातात, आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो. माझं लग्न झालं तेव्हा तसं नव्हतं. माझ्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. ओट्यावरून आत येण्याआधी आबा खाकरायचे, आणि मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. पाणी हवं असलं की ते दारातल्या म्हशीकडे बघून म्हणायचे, "कोन्ही शे का घरमा? पानी भेटी का?" मी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायची. पाणी म्हशीनंच दिलं, असं आमच्या दोघांचं न बोलता ठरलेलं होतं. माझं माहेर कोरीटचं, आणि तिथे माझी जीभ अख्ख्या गल्लीला माहीत होती. ती जीभ वीस वर्षं मी या एका माणसासमोर दातांमागे ठेवली, याचं कुणी कधी कौतुक केलं नाही.

मी गावातली अंगणवाडी सेविका. वजनकाटा, खिचडी, लसीकरणाचे दिवस, गरोदर बायकांच्या घरी चकरा, आणि आता मोबाईलमधलं ते ॲप, जे रोज काहीतरी नवीन विचारतं. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करता करता माझे केस पिकले. चाळिशी उलटल्यावर मला कळलं, की खात्यातल्या सेविकांना परीक्षा देऊन सुपरवायझर होता येतं. मराठी, गणित, सामान्य ज्ञान मला जड नव्हतं. इंग्रजी होतं. आणि वयाची अट बघितली तर माझ्या वाट्याला फार तर दोन परीक्षा येत होत्या. त्या गेल्या की निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी येऊन माझी रजिस्टरं तपासायची आणि मी तिच्यासाठी चहा ठेवायचा. मला ते नको होतं. मला सुपरवायझर व्हायचंच होतं, अगदी हट्टानं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. मूलबाळ नसलेल्या बाईनं कशाचा तरी हट्ट धरावा लागतो. मी याचा धरला.

आबा साखर कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. उसाचा सीझन संपला की गेटवर माशा मारत बसायचं. अशाच एका उन्हाळ्यात, बदली होऊन जाणाऱ्या कुठल्याशा साहेबानं टाकून दिलेली जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी त्यांच्या हाती लागली. ती त्यांनी पोथीसारखी वाचली, रोज एक पान, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिचं पुठ्ठ्याचं अंग कधीच गळून गेलं. आता ती खताच्या गोणीच्या कापडात शिवलेली आहे. आबांना इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येत नाही. पण शब्द विचारा! गावात कुणाकडे इंग्रजी कागद आला, बँकेचा, विम्याचा, दवाखान्याचा, की तो आबांच्या ओट्यावर यायचा. ते चष्मा लावायचे, कागद लांब धरायचे, आणि सगळे गप्प बसायचे.

शब्द पाठ करण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. "शब्द एकटा पाठ करा का पळी जास," ते म्हणायचे, "त्यानी गल्ली पाठ करानी." गल्ली म्हणजे पहिली तीन-चार अक्षरं सारखी असलेले सगळे शब्द, डिक्शनरीत जसे शेजारी शेजारी बसलेत तसे. त्यातही दोन प्रकार. एक भाऊबंदांची गल्ली, जिथे सगळ्यांचा मूळपुरुष एक. दुसरी भाडेकरूंची, जिथे नुसता शेजार आहे, नातं काही नाही. गल्लीत शिरायचं तर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चालायचं, मधलं एकही घर सोडायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

पण सासऱ्यानं सुनेला शिकवायचं कसं? हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी सोडवला. त्या चौथी पास आहेत आणि जगात त्यांचं मत नाही अशी एकही गोष्ट नाही. एका संध्याकाळी त्यांनी उंबऱ्यात पाट टाकला आणि त्यावर ठाण मांडलं. एका हाताला ओट्यावर आबा, रस्त्याकडे तोंड करून. दुसऱ्या हाताला चुलीपाशी मी, परातीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, गुडघ्याखाली वही. आबा रस्त्याला उद्देशून शब्द म्हणायचे, सासूबाई तो मान वळवून आत द्यायच्या, मी पुन्हा म्हणायची, आणि सासूबाई बाहेर निरोप द्यायच्या, "म्हने ती. बरोबर म्हने." म्हणजे माझं बोलणं आबांना ऐकू आलंच नाही, असं सगळ्यांनी धरायचं. आमच्यामध्ये चार हातांचं अंतर होतं.

पहिली गल्ली 'सब'ची. सबमरीन, सबमिट, सबसिडी, सबट्रॅक्ट. भाऊबंदांची.

"त्या म्हंतस, सब म्हंजे खाले," सासूबाई म्हणाल्या. "सबमिट म्हंजे कागद सायबना हाते खाले ठेवाना. सबसिडी म्हंजे सरकार खालतून टेका देस." मग निरोपात स्वतःची भर: "टेका कसाना! ठिबकनी सबसिडी आजून येईच ऱ्हायनी."

ओट्यावरून खाकरण्याचा आवाज. त्याचा अर्थ, फाटे फोडू नका.

मग 'ट्रान्स'ची गल्ली आली. ट्रान्सफर, ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सलेट, ट्रान्सपोर्ट. "ट्रान्स म्हंजे आठून तठे," आबांनी सांगितलं. सासूबाईंना हे पटलं नाही. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर कुठे इथून तिथे जातो? "तो तं जठे शे तठेच शे, जळेल!" आबांनी विजेचं सगळं शास्त्र रस्त्याला समजावून सांगितलं. रस्त्यानं जाणारा एक बैलगाडीवाला थांबून ऐकू लागला. माझी भाकरी तव्यावर करपली आणि मी हसत बसले.

'सुपर'च्या गल्लीत मी कान टवकारले, कारण ती माझी गल्ली. सुपर म्हणजे वर. सुपरवायझर म्हणजे वरून पाहणारा. सासूबाईंनी तो अर्थ आत आणताना जरा बदलला: "म्हंजे उंटवरतून शेळ्या हाकनारी. तुले जमी ते."

भाडेकरूंच्या गल्ल्या मला जड जायच्या, कारण त्यात धागाच नसायचा. बनाना, बँड, बँडेज, बँडिट, बँगल, बँक. केळ, वाजंत्री, मलमपट्टी, दरोडेखोर, बांगडी आणि बँक, हे सगळे एका ओळीत राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. सासूबाईंनी त्यांची गोष्ट करून टाकली. केळीच्या बागेत लग्नाचा बँड वाजत होता, दरोडेखोर आला, नवरीच्या हातातली बांगडी ओढली, तिला पट्टी बांधावी लागली, आणि तेव्हापासून शहाणी माणसं बांगड्या बँकेत ठेवतात. आबा म्हणाले, डिक्शनरीत असं काही लिहिलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या डिक्शनरीला लग्नाला कुणी बोलावत नाही म्हणून. त्या गल्लीतला एकही शब्द मी आजवर विसरलेले नाही.

माझा नवरा शेतातून येऊन हे नाटक बघायचा आणि म्हणायचा, आमच्या घरात सध्या म्हैस सोडून सगळ्यांना इंग्रजी येतं. मी म्हणायची, तिलाही येतं, ती फक्त चारचौघांत बोलत नाही.

आबा दुपारी माझ्यासाठी प्रत्येक गल्ली वहीत उतरवून ठेवायचे, टपोऱ्या अक्षरांत, रेघ मारून. ती वही सासूबाईंच्या हातून आत यायची. 'प्री'च्या गल्लीत मला एक जागा दिसली. प्रीफर होतं, प्रेज्युडिस होतं, त्यांच्यामध्ये प्रेग्नंट असायला हवा होता. तो नव्हता. तो शब्द तर मी रोज ॲपमध्ये बघते! मला हसू आलं. सासऱ्यानं सुनेला, तेही सासूच्या तोंडून, असा शब्द कसा सांगावा? मधलं एकही घर सोडायचं नाही म्हणणारे आबा त्या घरापुढून मान खाली घालून निघून गेले होते. मला त्यांचं कौतुकच वाटलं तेव्हा.

पहिली परीक्षा धुळ्याला होती. संगणकावर. प्रश्न एकेक करून समोर येत होते आणि मी चुलीपाशी बसल्यासारखी, सासूबाईंच्या आवाजात उत्तरं देत होते. बरे गेले बरेचसे. पण काही शब्द असे आले, की त्यांची गल्ली मला तोंडपाठ आणि नेमकं ते घर मात्र अनोळखी. मी अंदाजानं ठोकून दिलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मी मोबाईलवर ते शब्द शोधले. पहिला होता कन्सीव्ह. गर्भ राहणे. त्याच्या अलीकडचा कन्सील मला येत होता, पलीकडचा कॉन्सन्ट्रेट येत होता. दुसरा मिसकॅरेज, गर्भपात. 'मिस'ची गल्ली तर मी मिस्चीफपासून मिसयूजपर्यंत घडाघडा म्हणते. तिसरा इन्फर्टाइल. इन्फर येत होता, इन्फेस्ट येत होता, मधला नव्हता. त्याचा अर्थ मी वाचला आणि मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. शहादा येईपर्यंत पुन्हा बाहेर काढला नाही.

निकाल लागला. मी अगदी थोडक्यात राहिले. तेवढे तीन शब्द आले असते तर निघाले असते, असं काठाकाठावरचं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. वीस वर्षं दातांमागे ठेवलेली जीभ सुटली. बोलत होते सासूबाईंशी, पण आवाज असा लावला की ओट्यावरच काय, समोरच्या घरातही जावा. "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! सुनेसमोर शब्द काढायची लाज वाटते, तर शिकवायला बसायचंच कशाला? अंगणवाडीची परीक्षा आहे ती, तिथे पोरांचं आणि बाळंतपणाचंच विचारणार. दोनच संधी होत्या माझ्या. त्यातली एक तुमच्या मर्यादेनं खाल्ली!"

ओट्यावरून काठी टेकत जाण्याचा आवाज आला. आबा नदीच्या बाजूला निघून गेले, आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर परत आले. त्या दिवशी म्हशीकडेही त्यांनी पाणी मागितलं नाही.

सासूबाई मला रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, फक्त कोणकोणते शब्द राहिले ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. बराच वेळ त्या गप्प होत्या, आणि माझ्या सासूबाई गप्प बसल्या की मला भीती वाटते.

"प्रेग्नंट त्यास्नी लाजखाल सोडा," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या बाकीना शब्द लाजखाल नही सोडेत."

लाजेपोटी नाही? मी शेंग सोलायची थांबले.

इथे मला जरा मागचं सांगावं लागेल. लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. दुसऱ्या वेळी फार त्रास झाला. त्यानंतर पुन्हा राहिलेच नाहीत. आम्ही सुरतेला मोठ्या दवाखान्यात गेलो, तपासण्या झाल्या, आणि एक बंद पाकीट मिळालं. कागद इंग्रजीत. घरी आल्यावर नवऱ्यानं ते आबांच्या हातात दिलं, कारण आमच्याकडे इंग्रजी कागद आबांच्याच हातात जातो. मी दाराआड उभी होते. आबांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, वाचला. मग म्हणाले, "टाईम लागी म्हंतस. गोळ्या चालू ठेवानं सांगेल शे." शहाद्याहून गोळ्या ते स्वतःच आणायचे. मी दोन वर्षं रोज सकाळी एक घेतली.

सासूबाईंनी आता मला सांगितलं, की त्या कागदावर वेळ लागेल असं कुठेच नव्हतं. कागदावर तो शब्द होता, इन्फ-गल्लीतला. पुढे मूल होणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आबांनी ते एकट्यानं वाचलं आणि एकट्यानं गिळलं. सासूबाईंना सांगितलं तेही वर्षानंतर, शेतात, दोघंच असताना. "सांगतासांगता रडनात," सासूबाई म्हणाल्या. "मन्हा आंडोरले, तुन्हा नवराले बी मी नंतर सांगं. तुले सांगानी हिंमत कोन्हीच करी नही."

गोळ्या? रक्तवाढीच्या. ज्या गोळ्या मी स्वतः गावातल्या बायकांना वाटते, त्याच. मला त्या ओळखता आल्या नाहीत, कारण मी त्या आशेनं खात होते, आणि आशेनं खाताना माणूस पाकीट बघत नाही.

राग आला. खोटं कशाला सांगू? ज्या दोन वर्षांत रोज सकाळी मी देवाचं नाव घेऊन गोळी घेतली, ती दोन वर्षं माझी होती, ती कुणी खोटी करावीत? मी शेंगांचं सुपडं बाजूला सारलं आणि उठले. सासूबाईंनी माझा हात धरून पुन्हा खाली बसवलं.

"आजून आयक," त्या म्हणाल्या. "भावकीना लोके उनथात, तुले याद शे का?"

मला आठवत होतं. कोण विसरेल? भावकीतली तीन मोठी माणसं ओट्यावर येऊन बसली होती, माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं काढायला. तळोद्याकडची मुलगीही बघून ठेवली होती. मी आत चहा गाळत होते. बाहेर काय बोलणं झालं ते मला कधी नीट कळलं नाही. चहा पिऊन ते निघून गेले आणि पुन्हा तो विषय निघाला नाही, एवढंच.

सासूबाई त्या दिवशी आबांच्या मागे, दारात बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आबा उठले, आतून तो सुरतेचा कागद घेऊन आले आणि सगळ्यांसमोर धरला. "डॉक्टरनी लिखेल शे, टाईम लागी. मी सोता वाचेल शे. इंग्रजीमा शे. कोन्हले वाचनं व्हई तं वाचा."

कागद तिघांच्या हातांतून फिरला. एकानं चष्मा पुसून बघितला. एकानं शिक्का बघितला आणि मान डोलावली. तो शब्द, काळ्या शाईत टाइप केलेला, त्यांच्या बोटांखाली होता, आणि कुणालाही वाचता आला नाही. कागद घडी होऊन परत आबांच्या खिशात गेला. इंग्रजी कागद आणि वर आबांचं वाचन, यापुढे आमच्या गावात अपील नसतं.

"तव्हयपासून," सासूबाई म्हणाल्या, "तो शब्द त्या तोंडमा लेतस नही. तुन्ही वहीमा कसा लिखतीन?"

मी तिथेच बसून रडले. तुरीच्या शेंगांवर, पदरात तोंड घालून, मोठ्यानं. गोळ्यांचा राग होता तो होताच, पण त्याच्याहून मोठं काहीतरी आलं आणि त्यानं तो राग एका कोपऱ्यात सरकवला. मी या घरात राहिले, भांडले, हसले, चुलीपाशी बसून इंग्रजी शिकले, ते सगळं एका माणसानं एक शब्द वाचून दाखवला नाही म्हणून. आणि त्याच माणसाला मी परवा मर्यादेवरून टोमणे मारले होते.

त्यानंतर आठवडाभर शिकवणी बंद होती. आबा ओट्यावर बसायचे, सासूबाई पाट टाकायच्या, मी पीठ मळायची, आणि कुणी काही म्हणायचं नाही. माफी मागायची तर बोलावं लागतं, आणि बोलायची आमच्यात सोय नव्हती. शेवटी मी एक केलं. वहीत गल्ल्या नव्यानं उतरवल्या, माझ्या अक्षरांत. कन्सील लिहिलं, एक ओळ कोरी सोडली, कॉन्सन्ट्रेट लिहिलं. मिस्चीफच्या आधी एक ओळ कोरी सोडली. इन्फर लिहिलं, एक ओळ कोरी, मग इन्फेस्ट. ती वही सकाळच्या चहाबरोबर उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरले. कप रिकामा होऊन आला. वही परत आली नाही.

दुसऱ्या परीक्षेचं इथेच सांगून टाकते, कारण मला ते ताणून धरता येत नाही: मी पास झाले. त्या कोऱ्या ओळींमधला एकही शब्द त्या पेपरात आला नाही, हीही गंमतच. आता दोन वर्षं झाली, मी डोंगराकडच्या गावांतल्या अंगणवाड्या तपासते, आणि तिथल्या सेविकांनी चहा ठेवला तर कप मी विसळते. पण मला सांगायचं आहे ते परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातल्या एका सकाळचं.

सासूबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. नवरा शेतात. मी एकटीच घरात, मेथी निवडत होते. ओट्यावर खाकरणं ऐकू आलं, मी सवयीनं पदर ओढला आणि भिंतीकडे वळले. पावलं उंबऱ्याशी थांबली. मग पाट सरकल्याचा आवाज आला. सासूबाईंचा पाट. आबा त्याच्यावर बसले होते, घराच्या आत तोंड करून. त्यांच्या हातात माझी वही होती.

मी हलले नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

"लिख," ते म्हणाले. म्हशीला नाही, रस्त्याला नाही. "कन्सीव्ह. गर्भ ऱ्हानं."

मेथीच्या जुडीखालचा पेन्सिलीचा तुकडा उचलून मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं.

"मिसकॅरेज," ते म्हणाले, आणि थांबले. "गर्भ जानं."

लिहिलं.

"इन्फर्टाइल."

यापुढे त्यांचा आवाज आलाच नाही. मी वाट बघितली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पदराखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते, भेगा पडलेले, एकावर एक घट्ट ठेवलेले. मला कळलं की हा अर्थ या माणसाच्या तोंडून कधीच निघणार नाही, मग माझी नोकरी राहो की जावो. तो मलाच म्हणावा लागणार होता.

"मूल न होणारी," मी म्हटलं.

मी आबांना उद्देशून बोललेले ते पहिले शब्द. वीस वर्षांत पहिले. मराठी शाळेतल्यासारखी, स्पष्ट, पुस्तकी भाषेत बोलले, कारण आमच्या बोलीतला शब्द माझ्याच्यानं निघाला नसता.

आबांनी वही मिटली.

"पुस्तकमा तसं लिखेल शे, बेटा," ते म्हणाले. "आपला घरमा तसं कोन्हीच नही."